मुक्या जिवांचं देणं

परवा आमच्या भिशीत एका वहिनींचा विषय निघाला. त्यांनी मुलाला किडनी दिलीय. आता त्याला जन्मभर गोळ्या. ‘सख्ख्या आईची किडनी, तरी अंगाला परकी कशी?’ एकीने विचारलं. मी पडले कला शाखेची, सांगता येईना. मग घरी येऊन वाचत बसले.

आपलं शरीर परकं काही आत आलं की त्याच्यावर तुटून पडतं. जंतूंपासून आपण वाचतो ते यामुळेच. पण बसवलेला अवयवही त्याला परकाच वाटतो! दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्यांच्या अंगावर दुसऱ्याची त्वचा टिकत नव्हती, तेव्हापासून इंग्लंडचे पीटर मेडावर या कोड्यामागे लागले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उंदरिणीच्या पोटातल्या गर्भांना वेगळ्या वाणाच्या उंदराच्या पेशी टोचल्या. ती पिल्लं मोठी झाल्यावर त्या वाणाची त्वचा त्यांच्या अंगाने आपली मानली. हे १९५३ साली जाहीर झालं, १९६० मध्ये मेडावर यांना नोबेल मिळालं. पुढे बोस्टनच्या डॉक्टरांनी किडनीबरोबर दात्याची अस्थिमज्जाही द्यायची पद्धत आधी माकडांवर तपासली, मग माणसांवर. २००८ मध्ये त्यांनी सांगितलं, पाचपैकी चार रुग्णांच्या गोळ्या बंद करता आल्या. अजून ही पद्धत सरसकट वापरात नाही.

हे भिशीत सांगितलं तर दुसरी म्हणाली, ‘पण त्या मुक्या जिवांचे हाल?’ खरं सांगते, मलाही गलबलून आलं. जिथे प्राण्यांवाचून भागतं तिथे प्रयोग नकोतच, आणि जिथे करावे लागतात तिथे वेदना कमीत कमी हव्यात. तरीही हे संशोधन थांबू नये, असंच मला वाटतं. कारण आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त. आई देते, बायको देते, बहीण देते. तिच्याकडे देण्यासारखी किडनी एकच. ती शरीराने नाकारली, तर ती दुसरी कुठून आणणार? गोळ्या चालू ठेवाव्यात तर खर्च आहे, जंतुसंसर्गाची भीती आहे. बंद कराव्यात तर किडनीच जायची.

म्हणून मैत्रिणींनो, घरात असा रुग्ण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवू देऊ नका. त्या गोळीमागे एका बाईचं दान आहे, आणि कितीतरी मुक्या जिवांचंही.