शेवटची सही कोणाची?



या पानांवर आपण एरवी रेल्वे आणि टपाल खात्यातील प्रश्न मांडतो. या वेळी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिणाऱ्या तरुण कामगारांच्या कामाविषयी लिहीत आहे. तिकीट खिडकी असो की टपालाचा काउंटर, पडद्यामागे कोणीतरी लिहिलेला प्रोग्राम चालतो. तो अडला की रांगेतल्या लोकांची बोलणी खिडकीतल्या कर्मचाऱ्याला खावी लागतात. शिवाय आपल्यापैकी अनेकांची मुलेमुली पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे हेच काम करतात. तेव्हा हा प्रश्न परक्याचा नाही.

मी दहावी झालेला माणूस. मला प्रोग्राम लिहिता येत नाही. पण आमच्या शाखेतील एका ट्रॅकमन सभासदाची मुलगी सात वर्षे जावास्क्रिप्टचे काम करते. तिने सर्व प्रकार नीट समजावून सांगितला आणि स्वतःची मतेही मोकळेपणाने मांडली.

जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत उभी केली. वेबच्या पानावर थोडी हालचाल आणावी एवढाच हेतू होता. आज बँकेपासून तिकिटापर्यंतची बहुतेक पाने तिच्यावर चालतात. एवढा मोठा प्रोग्राम कोणी एकटा लिहीत नाही. शेकडो तयार तुकडे आणून जोडतात, त्यांना पॅकेज म्हणतात. हे तुकडे गोळा करून त्यांची एक गाडी लावणारी हत्यारे वेगळी. आपल्या भाषेत ते मार्शलिंग यार्ड समजावे. २०१२ साली ग्रंट आले, मग गल्प, वेबपॅक, पार्सल, व्हीट, टर्बोपॅक अशी रांग लागली. ती म्हणाली, "काका, एक यार्ड बांधून होते न होते तोच दुसऱ्या यार्डाचा हुकूम येतो."

नवे हत्यार वाईटच असते असे तिचे म्हणणे नाही. २०२० मध्ये आलेल्या ईएसबिल्डने मिनिटभराचे काम सेकंदावर आणले, हे ती आनंदाने सांगते. पण ते गो नावाच्या दुसऱ्याच भाषेत लिहिलेले आहे, आणखी काही रस्ट भाषेत आहेत. पूर्वी हत्यार बिघडले तर जावास्क्रिप्टचा कामगार ते स्वतः उघडून पाही. आता त्यासाठी आणखी एक भाषा शिकावी लागते. त्यात तुकडे जोडण्याच्या पद्धतीही दोन. नोडबरोबर २००९ साली आलेली रिक्वायरची एक आणि २०१५ च्या प्रमाणात ठरलेली इंपोर्टची दुसरी. दोन्ही आजही चालू आहेत. मिरजेला ज्यांनी ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशा तिन्ही गेजचा काळ पाहिला, त्यांना एका गाडीतला माल दुसऱ्या गाडीत भरण्याचे कष्ट सांगायला नकोत. मात्र १९९२ पासून युनिगेजचे काम सुरू झाले तेव्हा मंजुरी होती, ब्लॉक होता, प्रशिक्षण ड्युटीत धरले जाई. या मुलीचे प्रशिक्षण रात्री जेवणानंतर, स्वतःच्या वेळात होते.

आता या तुकड्यांची देखभाल कोण करते ते पाहू. आपला की-मन रोज रूळ चालून चाव्या ठोकतो. त्याचे नाव मस्टरवर असते, पगार असतो, आजारी पडला तर बदली माणूस असतो. पॅकेजचे पुष्कळसे की-मन मस्टरवरच नाहीत. कोणी तरी हौसेने तुकडा लिहितो, जगभरच्या कंपन्या तो फुकट वापरतात. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचा अकरा ओळींचा तुकडा त्याच्या लेखकाने वादातून काढून घेतला. मजकुराच्या डावीकडे शून्ये किंवा मोकळ्या जागा भराव्यात एवढेच त्याचे काम. पण त्यावर अवलंबून असलेली मोठमोठी कामे जगभर खोळंबली. सप्टेंबर २०२५ मध्ये एका देखभालकर्त्याला खोटी ई-मेल आली आणि त्याच्या खात्यातून अठरा पॅकेजमध्ये चोरटा प्रोग्राम घुसवला गेला. आठवड्याला दोनशे कोटींहून अधिक वेळा उतरवून घेतली जाणारी ही पॅकेजे! एवढा भार ज्याच्या खांद्यावर, त्याच्या पगाराची आणि बदलीची सोय कोणी करायची?

याच फुकट श्रमावर एआय नावाचे यंत्र पोसले गेले. जून २०२१ मध्ये गिटहबने कोपायलट दाखवले. लोकांनी खुला ठेवलेला प्रोग्रामांचा साठा त्याला शिकवलेला होता. पुढच्या वर्षी तेच महिना दहा डॉलर भाड्याने बाजारात आले. आज अशी यंत्रे पानेच्या पाने लिहून देतात. कधी कधी अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचेही नाव ठोकून देतात. त्या नावाचे पॅकेज एखाद्या चोराने आधीच नोंदवून ठेवले, तर चोर दारातून सरळ आत येतो.

व्यवस्थापन म्हणते, यंत्र लिहील, माणसाने फक्त तपासावे. या "फक्त" शब्दाकडे नीट पाहा. कॅरेज अँड वॅगनचा परीक्षक गाडीला फिट सर्टिफिकेट देतो. गाड्या दहापट करा आणि परीक्षक तेवढेच ठेवा, म्हणजे तपासणी कागदावरच राहील. दुसऱ्याने लिहिलेले समजून घेणे स्वतः लिहिण्याइतकेच, कधी त्याहून जड असते. मेटर या अमेरिकन संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरांच्या २४६ कामांची नोंद ठेवली. एआय वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि आपण २० टक्के लवकर काम केले असे मात्र त्यांना वाटत होते. सोळा माणसांवरून जगाचा निकाल लागत नाही, यंत्रेही दर महिन्याला बदलतात. पण वेगाच्या नुसत्या भासावर माणसांचा कोटा ठरवू नये, एवढे यातून निश्चित निघते.

चुकीची जबाबदारी कोणावर येते हे टपाल बंधूंनी ब्रिटनकडे पाहून ध्यानात घ्यावे. तेथील पोस्ट ऑफिसात १९९९ पासून फुजित्सू कंपनीची होरायझन प्रणाली आली. तिने हिशेबात खोटी तूट दाखवली. नऊशेहून अधिक सबपोस्टमास्तर दोषी ठरले, काहींना तुरुंग भोगावा लागला. प्रणाली सदोष होती हे हायकोर्टाने २०१९ मध्ये मान्य केले, आणि त्या शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा २०२४ साली झाला. तो प्रोग्राम माणसांनीच लिहिला होता, तरी खरे बाहेर यायला वीस वर्षे लागली. उद्या लिहिणारे यंत्र, तपासणारा घाईत आणि सही धाकटीची, अशी मांडणी झाली तर काउंटरवरच्या माणसाने दाद कोणाकडे मागायची?

यंत्राला सरसकट विरोध करा, असे मी म्हणत नाही. ती मुलगी स्वतः रोज एआय वापरते आणि कंटाळवाणी कामे त्याच्याकडून करून घेते. प्रश्न अटींचा आहे. १९८३ साली बँक कर्मचारी संघटनांनी संगणकीकरणाच्या अटी इंडियन बँक्स असोसिएशनबरोबर कराराने ठरवल्या. अमेरिकेतील चित्रपट-दूरदर्शन लेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप केला आणि लेखकावर एआय वापरण्याची सक्ती करता येणार नाही, हे करारात घेतले. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हा मार्ग बंद नाही.

माझ्या मते चार गोष्टी लेखी व्हाव्यात. नव्या हत्याराचे प्रशिक्षण ड्युटीच्या वेळात धरावे. तपासणीला ठरावीक वेळ द्यावा आणि "हे मला समजले नाही, सही करणार नाही" असे म्हणणाऱ्याला संरक्षण असावे. फुकट पॅकेज वापरणाऱ्या कंपन्यांनी देखभालीचा पैसा द्यावा. आणि प्रणालीने दाखवलेली तूट कर्मचाऱ्याच्या माथी मारण्यापूर्वी प्रणालीची स्वतंत्र तपासणी व्हावी. यातली चौथी मागणी थेट आपली आहे. ती आपल्या शाखांच्या ठरावात आजच येऊ शकते.

आयटीतील मुलामुलींना युनियन म्हणजे खाकी कपड्यातल्या लोकांची गोष्ट वाटते. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने दोन टक्के, म्हणजे सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. कंपनीने त्याचे कारण एआय नसल्याचे सांगितले. कारण कोणतेही असो, त्या दिवशी प्रत्येक जण एकटाच होता. घरी जी मुले हे काम करतात त्यांना हा लेख वाचायला द्या, आणि त्यांच्या ड्युटीचे तास विचारा.