विंचू, बिच्छू आणि इंचू

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात नेरे नावाचे गाव आहे. या भागातील जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी 'विहिरी'ची 'इहीर' होते, 'वेळे'ची 'येळ' होते आणि 'विचारा'चा 'इचार' होतो. शहरातला माणूस ते ऐकतो व चटकन म्हणतो, "किती अशुद्ध बोलतात ही माणसे!" माझ्या मते हा शेरा अन्यायाचा आहे.

जरा बारकाईने पाहा. शब्दाच्या आरंभी 'वि' किंवा 'वे' असेल, तरच तेथील 'व' बदलतो. 'वाघा'ला कोणी 'आघ' म्हणत नाही. 'वड'ही 'वड'च राहतो. जो बदल असा नियमाने होतो, त्याला चूक कशी म्हणावी?

आता तुमच्या घरची उर्दू घ्या. मराठीत वीस, उर्दूत बीस. मराठीत वाघ, उर्दूत बाघ. मराठीत विंचू, उर्दूत बिच्छू. या शब्दांच्या आरंभीचा जुना 'व' मराठीने राखला, उर्दूत त्याचा 'ब' झाला. 'बिच्छू' हा शब्द कोणी अशुद्ध मानत नाही. मग खेड्यातल्या 'इंचू'लाच का हसावे?

अरबी-फारसीतून मराठीत आलेले शब्दही असेच बदलले. 'हफ्त्या'चा 'हप्ता' झाला, 'दफ्तरा'चे 'दप्तर' झाले. 'हुक्म' आणि 'मुल्क' यांतील जोडाक्षरे सुटली व 'हुकूम', 'मुलूख' हे शब्द तयार झाले. 'कुफ्ल' या शब्दात तर 'फ' आणि 'ल' यांनी जागांची अदलाबदल केली, 'फ'चा 'प' झाला आणि आपल्या दाराला 'कुलूप' लागले! कवी माधव जूलियन, म्हणजे माधव त्रिंबक पटवर्धन, यांनी असे शब्द गोळा करून १९२५ साली 'फार्शी-मराठी कोश' प्रसिद्ध केला.

"मग शाळेत शुद्धलेखन कशाला शिकायचे?" असे कोणी विचारील. अर्ज, परीक्षेतील उत्तरे, वर्तमानपत्रे ही गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत सर्वांना सारखी कळायला हवीत. त्यासाठी प्रमाणभाषा लागते. ती मन लावून शिकलीच पाहिजे. पण ती सर्वांच्या सोयीसाठी आहे. कोणाला कमी लेखण्यासाठी तिचा उपयोग करू नये.

ज्याच्या बोलण्याला वर्ग हसतो, तो मुलगा पुढे तोंडच उघडत नाही. उर्दूत 'ण' हा ध्वनी नाही, म्हणून मराठी शिकताना तुमच्याही तोंडून 'पाणी'ऐवजी 'पानी' निघून जाते. तेव्हा कोणी हसले तर मनाला किती लागते, हे तुम्ही जाणताच. म्हणून उद्या कोणी 'इहीर' म्हणाला, तर हसू नका. हा ध्वनी का बदलला असेल, याचा विचार करा. तो 'इचार' असला तरी चालेल!