आजोबांची ठासणीची बंदूक आणि वारसाची नोंद

शुक्रवार पेठ, सोलापूर : खंडेनवमीला आपल्याकडे नांगर, कुळव, कोयता यांच्याबरोबर घरातल्या शस्त्रांचीही पूजा होते. काही घरांत त्या पाटावर अजून ठासणीची बंदूक असते. हळदकुंकू वाहिले की ती परत माळ्यावर जाते. पण जिच्या परवान्यावर आजोबांचे नाव होते ते आजोबा जाऊन कितीतरी वर्षे झाली आणि परवाना पुढे कुणाच्याच नावावर झाला नाही, हे मात्र कुणी बोलत नाही. शेतकरी बंधूंनो, आज तेच बोलायचे आहे.

ही बंदूक नळीच्या तोंडाकडून भरतात. आधी दारू, मग बोळा, त्यावर छर्रे, आणि गजाने सगळे ठासायचे. मागच्या बाजूला कानावर टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आदळतो, ठिणगी कानातून आत जाते आणि बार होतो. १८५७ ची काडतुसे ज्या एन्फिल्ड बंदुकीची होती, तीही ठासणीचीच. काडतूस दाताने फोडून दारू नळीत ओतावी लागे, म्हणून तर एवढा भडका उडाला. पुढे १८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी सामान्य माणसाच्या शस्त्रावर परवान्याचे कुलूप घातले.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. त्यातल्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा नाव घेऊन उल्लेख आहे. अमेरिकेत या बंदुकांची हौस करणाऱ्यांची संघटना १९३३ पासून आहे आणि इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप या गावी त्यांची नेमबाजी रंगते. आपल्याकडे मात्र ही बंदूक हौसेपेक्षा सातबाऱ्याला धरून आली. कोकणात रानडुक्कर आणि माकडांपायी असे परवाने घरोघरी माहीत आहेत. आपल्याही जिल्ह्यात वाडवडिलांनी ज्वारीच्या राखणीसाठी गोफणीच्या जोडीला ती बाळगली.

तर मग अडचण कुठे आहे? अडचण कागदात आहे. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराचा नव्हे. माणूस गेला की घरात राहिलेली बंदूक बेकायदा ठरते. कलम २१ सांगते, की अशी बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी. जमा केली म्हणजे ती गेली, असे नाही. वारसाला आपल्या नावे परवाना मागता येतो. इतर वारसांची ना हरकत जोडावी लागते, अर्जदाराचे वय २१ पूर्ण लागते. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा बंदूक पंचवीस वर्षे बाळगली, तर हयातीतही वारसासाठी अर्ज करता येतो. उलट, विनापरवाना बंदूक सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षे कैद आणि दंड आहे. आजोबांची आठवण म्हणून ठेवली होती, हे उत्तर तिथे चालत नाही.

गाव सोडून सोलापुरात पेठेत राहायला आलेल्या मंडळींनी आणखी एक ध्यानात घ्यावे. ग्रामीण भागात परवाना जिल्हादंडाधिकारी देतात, शहरात पोलीस आयुक्त. बंदूक गावाकडून शहरातल्या घरी आणली आणि पत्ता बदलला नाही, तर तोही घोळच.

काही जण म्हणतात, “साहेब, ती गंजलीय, आता काय चालणार?” कायद्याला गंज पुरत नाही. दुरुस्त करूनसुद्धा जी चालू शकत नाही, अशाच जुन्या बंदुकीला कलम ४५ सूट देते. ते ठरवणे आपले काम नव्हे. आणि दुसरा धोका त्याहून मोठा आहे. नव्या बंदुकीसारखी ही मधून उघडून पाहता येत नाही. नळीत जुना बार तसाच असू शकतो, आणि कोरडी राहिलेली दारू वर्षानुवर्षांनीही पेट घेते. म्हणून माळ्यावरची बंदूक भरलेलीच आहे असे समजून वागावे. नळीत डोकावू नये, चाप ओढून पाहू नये, पोरांच्या हाती देऊ नये, चुलीजवळ ठेवू नये. काडतुसातली बिनधुराची दारू तर हिच्यात कधीही भरू नये. नळी फुटून हात जातो. लग्नात, मिरवणुकीत बेपर्वाईने बार काढणे हाही आता स्वतंत्र गुन्हा आहे.

आता पिकाच्या राखणीचे. परवाना आहे म्हणजे जनावर मारण्याची मुभा आहे, असा समज पुष्कळ ठिकाणी दिसतो. तो चूक आहे. आपल्या माळरानावरचे काळवीट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्यावर बंदूक रोखायचीच नाही. रानडुकरासाठीही वन खात्याची लेखी परवानगी आधी लागते. नुकसान झाले की त्याच दिवशी वन खात्याला कळवून पंचनामा मागावा. भरपाई कागदावर मिळते, बारावर नाही. सौर कुंपण, शेजाऱ्यांनी मिळून पाळीपाळीने राखण, हे उपाय जास्त खात्रीचे. तारेत घरची वीज सोडणे मात्र अजिबात नको. त्यात जनावराआधी आपलाच माणूस जातो.

प्रश्न फक्त शेतकऱ्याच्या आळसाचा नाही. अर्ज कुठे द्यायचा हे विचारायला माणूस ठाण्यात जायला भितो, कारण आपल्यालाच आत टाकतील असे त्याला वाटते. म्हणून गावकामगारांना एक सूचना. तलाठी वारसाचा फेरफार धरतात, ग्रामपंचायत मृत्यूची नोंद घेते. त्याच वेळी घरात परवान्याचे शस्त्र होते का, एवढा एक प्रश्न विचारावा. पोलीस पाटलांनी त्या कुटुंबाबरोबर ठाण्यात जावे आणि जमा केल्याची पावती मिळवून द्यावी. ठाण्यानेही आपण होऊन आलेल्या माणसाला चोरासारखे वागवू नये. यासाठी नवा कायदा नको आणि पैसाही नको.

जमिनीला वारस लावायला आपण एकही दिवस थांबत नाही. बंदुकीलाही वारस लावा, नाहीतर ती रीतसर जमा करा. येत्या खंडेनवमीला पाटावर बंदूक ठेवाल, तेव्हा तिचा कागदही शेजारी असू द्या.