तळ्याचे शुद्धीकरण

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या सहस्रावधी सहकाऱ्यांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर गावातील सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेले १०८ घडे मंत्रघोषात तळ्यात बुडवून ते ‘शुद्ध’ करून घेतले. माणसाच्या ओंजळीने जे पाणी तिळमात्र बिघडले नव्हते, त्यात पाणी बिघडवणारीच द्रव्ये मिसळावीत, याहून मोठा करंटेपणा तो कोणता?

ही केवळ उपहासाची गोष्ट नव्हे. शेण, मैला, निर्माल्य, साबणाचे पाणी या साऱ्यांत नत्र आणि स्फुरद असते. शेतात जे खत, तेच साचलेल्या पाण्यात विष ठरते. उन्हाने तापलेल्या, न वाहणाऱ्या पाण्यात या पोषणावर नीलहरित शेवाळ झपाट्याने फोफावते आणि पाण्यावर हिरवी साय धरते. शेवाळ मेले की ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो, आणि पहाटे मासे तरंगताना दिसतात. काही जाती यकृतावर आघात करणारे विष निर्माण करतात. ते पाणी उकळल्यानेही जात नाही. मोरचूद टाकून शेवाळ मारावे, तर पेशी फुटून तेच विष पाण्यात उतरते.

कॅनडातील एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून १९७३ साली शास्त्रज्ञांनी एका भागात नत्र व कर्ब, तर दुसऱ्यात त्यांच्या जोडीला स्फुरद घातले. दुसरा भाग तेवढा हिरवागार झाला. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील टोलेडो शहराच्या सुमारे पाच लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगण्याची वेळ आली. इतके दूर तरी कशाला जावे? नाल्यांचे सांडपाणी पोटात घेऊन कोल्हापूरच्या रंकाळ्याची काय दशा झाली, ती आपण पाहिलीच आहे.

महाडमध्ये प्रदूषण म्हटले की बोट औद्योगिक वसाहतीकडे आणि सावित्रीकडे वळते. ते रास्तही आहे. परंतु भरवस्तीतल्या बांधीव तळ्याचा शत्रू कारखान्याच्या धुराड्यात नसतो. तो आपल्या मोरीत, भरून वाहणाऱ्या शौचकूपात आणि विसर्जनानंतर श्रद्धेने सोडलेल्या निर्माल्यात असतो. पुराचा गाळ स्फुरद घेऊन येतो आणि तळाशी बसून वर्षानुवर्षे ते सोडत राहतो. पोलादपूरच्या उतारावरील भातखाचरांत पावसाच्या तोंडावर फेकलेला युरियाही शेतात थोडाच थांबतो! चार चुडांच्या मध्ये हाताने खोल खोचावयाची युरिया-डीएपीची ब्रिकेट ‘चारसूत्री’ पद्धतीने कोकणाला केव्हाच दिली आहे. तिचा वापर वाढला तर शेतकऱ्याचे खत वाचेल आणि ओढाही.

दरवर्षी २० मार्चला येथे येणारा भाविक ते पाणी ओठांना लावतो, आणि मार्च हाच शेवाळाला उन्हाची साथ मिळू लागण्याचा महिना. २०२७ साली त्या सत्याग्रहाची शताब्दी. रोषणाई, कमानी, भाषणे होतीलच. त्याआधी तळ्याकडे उतरणारी प्रत्येक गटार वळवावी, गाळ काढावा, काठावर निर्माल्यकुंड असावे, आणि नगरपरिषदेने पाण्यातील स्फुरदाचे व शेवाळाचे मोजमाप दरमहा तळ्याच्या पायऱ्यांशी फलकावर लिहावे. तो फलक रोज कोणीतरी वाचतो आहे, हे पाहण्याचे काम महाडच्या शाखांनी आणि शाळांनी अंगावर घ्यावे.