सोयीची श्रद्धांजली

प्रा. एन. डी. पाटील यांचे १७ जानेवारी २०२२ रोजी कोल्हापुरात निधन झाले, तेव्हा ते ९२ वर्षांचे होते. करोनाची तिसरी लाट चालू होती आणि शासकीय निर्बंधांनुसार अंत्यविधीस वीसच माणसांना परवानगी होती. ज्यांच्या हाकेसरशी हे शहर हजारोंनी रस्त्यावर येत असे, त्यांच्या अंत्यविधीला या शहराला तसे हजारोंनी जमता आले नाही. लोकांच्या भावना त्यामुळे शब्दांतूनच व्यक्त झाल्या. वृत्तपत्रांतील लेख, चौकाचौकांतील फलक, नेत्यांचे शोकसंदेश यांतून प्रकटलेल्या त्या शब्दांचा विचार, आता पुरेसा काळ लोटल्यावर, कार्यकर्त्यांनी करणे अवश्य आहे.

सत्तेतल्या आणि विरोधातल्या बहुतेक सर्व पक्षांनी त्यांचा गौरव केला. साधी राहणी, पक्षनिष्ठा, लढाऊ बाणा, तत्त्वासाठी झिजणे या गुणांचे वर्णन सर्वत्र होते, आणि ते खोटे नव्हते. १९४८ मध्ये शेतकरी कामगार पक्षात आलेला माणूस अखेरपर्यंत त्याच पक्षात राहिला, ही आजच्या महाराष्ट्रात नवलाचीच गोष्ट. परंतु निष्ठा कशावर होती आणि लढा कशासाठी होता, हे सांगण्याची वेळ आली की लेखण्या अडखळत होत्या. एन. डी. अर्थशास्त्राचे पदवीधर. आकडे हाती घेतल्याशिवाय ते व्यासपीठावर चढत नसत. त्या आकड्यांचा मागमूस बहुतेक शोकसंदेशांत नव्हता.

टोलचेच पाहा. कोल्हापुरातले सुमारे ५० किलोमीटरचे रस्ते एका खाजगी कंपनीने बांधावेत आणि तीस वर्षे टोल वसूल करावा, असा करार झाला. एन. डी. आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखालील कृती समितीने केवळ ‘टोल देणार नाही’ एवढे म्हटले नव्हते. काम किती झाले, कसे झाले, त्याचे खरे मूल्य काय, हे मोजा, अशी तिची मागणी होती. महापालिकेच्या मालकीचा रस्ता नागरिकाला भाड्याने का मिळावा, हा तिचा मूळ प्रश्न होता. २०१५ च्या अखेरीस टोल रद्द करण्याचा निर्णय झाला. नाके गेले, शहराने गुलाल उधळला. कंपनीची भरपाई मात्र सरकारी तिजोरीतून, म्हणजे पुन्हा आपल्याच खिशातून, द्यावी लागली. नाक्यावरचा विजय खराच होता. पण कराराच्या तत्त्वाचा पराभव झाला नव्हता. श्रद्धांजलीत नाक्यांचा उल्लेख आला, तत्त्वाचा आला नाही.

दाभोळचा एन्रॉन प्रकल्प, रायगडचे विशेष आर्थिक क्षेत्र, १९७८ ते १९८० या काळात सहकारमंत्री असताना त्यांच्या खात्याकडे असलेली कापसाची एकाधिकार खरेदी, या सर्वांत प्रश्न एकच होता: जनतेची साधने कोणाच्या ताब्यात असावीत? या प्रश्नाचे एन. डीं.चे उत्तर ज्यांना मान्य नव्हते, त्यांनाही शोकसभेत पुढची खुर्ची मिळाली. मृत्यूनंतर वैर संपते, हा आपला संस्कार चांगलाच आहे. मात्र वैरासोबत वादही संपवून टाकायचा, ही त्यातली चलाखी होय.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख ३० जुलै २०२१ रोजी गेले, तेव्हाही असेच घडले. अकरा वेळा आमदार, एस.टी.ने प्रवास, एवढ्यावर बहुतेकांचे भागले. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासमवेत त्यांनी दुष्काळी तालुक्यांसाठी उभारलेली पाणी परिषद आणि समन्यायी पाणीवाटपाची मागणी कोणी फारशी आठवली नाही. पाण्याचे वाटप म्हटले की उसाचा विषय निघतो, आणि उसाचा निघाला की कारखानदारांचा. मग एस.टी. बरी!

याउलट फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हाची प्रतिक्रिया आठवावी. तेव्हा संताप होता, आणि त्यामुळे विचारही जिवंत होता. मारेकऱ्यांनीच तो गंभीरपणे घेतला होता ना! वार्धक्याने आलेले मरण सोयीचे असते. मतपेटीत जो प्रतिस्पर्धी उरला नाही, त्याला ‘सर्वांचा’ म्हणायला काही खर्च येत नाही. एन. डी. १९८५ ते १९९० कोल्हापूरचे आमदार होते. पुढे याच शहराने त्यांच्या मोर्चात चालायचे आणि मत दुसरीकडे द्यायचे, हा रिवाज पाडला. त्या दुःखाची कबुलीही शोकसभांत ऐकू आली नाही.

दोष आपल्या बाजूचाही आहे. ‘अखेरचा शिलेदार गेला’, ‘एक पर्व संपले’ अशी वाक्ये डाव्या कार्यकर्त्यांच्या तोंडीही होती. अखेरचा म्हटला की पुढे कोणी काही करायचे उरत नाही. काम संपले नव्हते, हे पुढच्या दोनच वर्षांत दिसले. २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातील शेतकरी ८०२ किलोमीटरच्या नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाविरुद्ध उभे राहिले. जमीन कोणाची, रस्ता कोणासाठी, खर्च किती आणि टोल किती वर्षे, हे त्यांनी विचारलेले प्रश्न एन. डीं.च्या टिपणांतलेच वाटतात.

१७ जानेवारीला प्रतिमापूजन होतेच, होऊ द्यावे. त्यानंतर तासभर बसून कोल्हापूरच्या टोल कराराची कलमे वाचावीत आणि शेजारी शक्तिपीठाचा आराखडा ठेवावा. एखाद्या शाखेला आकडे समजून घेण्यात अडचण आली, तर आमच्यासारखे निवृत्त प्राध्यापक या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. त्यांना बोलवावे, त्यांना दुपारी दुसरे काम नसते.