लो-कोडची सोय आणि मालकीचा प्रश्न

बंगळुरूमधील चामराजपेट ही १८९२ साली वसवलेली जुनी पेठ. कन्नड साहित्य परिषदेचे मुख्यालय याच भागात आहे. येथील रहिवाशाला आज अनेक शासकीय सेवांसाठी कर्नाटक सरकारच्या ‘सेवा सिंधू’ या संकेतस्थळावरून अर्ज करता येतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेली ‘सर्व्हिसप्लस’ ही प्रणाली या सुविधेचा आधार आहे. अर्जाचा नमुना, शुल्क आणि मंजुरीचे टप्पे निश्चित केले, की प्रत्येक सेवेसाठी स्वतंत्र आज्ञावली लिहावी लागत नाही. ‘लो-कोड’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत ती हीच.

शासनाप्रमाणेच छापखाने, पतसंस्था, शाळा यांनाही स्वतःच्या गरजेचे सॉफ्टवेअर हवे असते. त्यांच्यापुढे प्रामुख्याने दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग दृश्य-रचनेच्या साधनांचा. यात बटणे, रकाने, याद्या माउसच्या साहाय्याने पडद्यावर मांडता येतात. मात्र त्यामागील हिशेब आणि माहितीचा साठा यांसाठी प्रोग्रॅमर लागतोच. १९९१ साली आलेल्या ‘व्हिज्युअल बेसिक’ने ही पद्धत लोकप्रिय केली. दुसरा मार्ग लो-कोडचा. ‘फॉरेस्टर’ या संशोधन संस्थेने २०१४ मध्ये रूढ केलेल्या या संज्ञेत पडद्याबरोबरच माहितीचा साठा, नियम आणि वापराच्या परवानग्या यांचाही समावेश होतो.

वेळेची बचत पाहता दुसरा मार्ग साहजिकच आकर्षक वाटतो. परंतु खरा प्रश्न मालकीचा आहे. ‘व्हिज्युअल बेसिक ६’च्या विकास-साधनाला असलेले पाठबळ मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००८ मध्ये थांबवले, तरीही त्यात तयार झालेल्या आज्ञावली विंडोज ११ वरही चालू शकतात. याउलट, गूगलने ‘ॲप मेकर’ ही लो-कोड सेवा १९ जानेवारी २०२१ रोजी बंद केली, तेव्हा त्यावर उभारलेली ॲप्सही थांबली. साठवलेली माहिती वाचवता आली, मात्र ती ॲप्स जशीच्या तशी अन्यत्र हलवण्याची सोय नव्हती. पहिल्या उदाहरणात संस्था स्वतःच्या घरात होती, दुसऱ्यात भाड्याच्या.

अर्थात, प्रत्येक लो-कोड मंच असा परावलंबी नसतो. मुंबईच्या ‘फ्रॅपे’ कंपनीची लो-कोड चौकट मुक्त स्रोत स्वरूपाची असून ती स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते. मात्र त्यासाठी देखभाल करणारा जाणकार माणूस हवा.

म्हणूनच काम अल्पकालीन आणि नियम साधे असतील, तर भाड्याचा लो-कोड मंच पुरेसा ठरावा. परंतु पतसंस्थेची खाती किंवा शाळेचे दाखले यांसारख्या दीर्घकाळ जपायच्या नोंदींच्या बाबतीत सेवा बंद पडल्यास माहिती आणि कार्यपद्धती दोन्ही आपल्या हाती राहतील काय, हे करारापूर्वीच लेखी स्पष्ट करून घेणे हिताचे ठरेल.