टँकरचा बेल्ट कोण बघणार?

उन्हाळ्यात माणच्या वाड्यावस्त्या टँकरवर जगतात. जीपीएसवर खेपा मोजल्या जातात, पण फॅनबेल्ट कोण बघतं? मागच्या उन्हाळ्यात दहिवडीच्या अलीकडं एका टँकरचा बेल्ट तुटला. इंजिन तापलं, आमच्या वस्तीची खेप बुडाली. बायाबापड्या रात्रीपर्यंत हंडे घेऊन बसल्या.

इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंप हाच बेल्ट फिरवतो. तुटायच्या आधी तो सांगतोही: गाडी चालू करताना किंचाळतो, भेगा पडतात, कडेचे दोरे सुटतात. इंजिन बंद करून अंगठ्यानं दाबा. साधारण अर्ध्या इंचापेक्षा जास्त दबला तर ढिला. फार ताणला तर बेअरिंग जातं.

माझं म्हणणं एवढंच: टँकर लावतानाच बेल्ट तपासा, केबिनमध्ये एक जादा ठेवायची अट घाला. बेल्ट काही शे रुपयांचा, खेप अख्ख्या वस्तीची.